गुलाबी अंड्यांचा पाठलाग

पंपघरातल्या बाई बावीस वर्षं पाणथळीची पातळी वाचत होत्या. त्या पातळीच्या पट्टीवरच एका सकाळी त्यांना बोटाएवढा लांब गुलाबी अंड्यांचा घोस चिकटलेला दिसला. असा घोस त्यांनी पूर्वी पाहिला होता, घरात, लेकीच्या माशांच्या पेटीच्या काचेवर. लेक सासरी गेल्यावर पेटी देऊन टाकली. आतल्या सात पिवळ्या गोगलगायी मारवेनात, म्हणून बाईंनीच त्या इथे सोडल्या होत्या. ‘जगू देत बिचाऱ्या!’

बिचाऱ्या चांगल्याच जगल्या होत्या. बाईंनी काठ पालथा घातला. कमळाची पानं चाळणी झाली होती. इथली मूळची काळपट गोगलगाय काठाच्या चिखलात पांढरी अंडी घालते; ती कशीबशी तीन ठिकाणी सापडली. गुलाबी घोस मात्र लव्हाळ्याच्या काडीकाडीवर.

बाईंनी वर कळवलं. साहेबांनी लगेच फवारणी ठरवली.

“साहेब, औषधानं आपल्या गोगलगायीही मरतील. त्यांच्यावर जगणारे करकोचे काय खातील?”

“बाई, गोगलगाय ती गोगलगाय. तुम्हाला एवढा पुळका कशाला?”

“कारण त्या पिवळ्या मीच सोडल्यात. एक हंगाम द्या. नाही जमलं तर खुशाल फवारा.”

हंगाम मिळाला. सोबत ‘कारणे दाखवा’ नोटीसही मिळाली.

घरी धाकट्या जावेनं कपाळावर हात मारला. “ताई, लोक पाप लपवायला कोनाडा शोधतात, तुम्ही आख्खं तळं शोधलंत!” पण दुसऱ्या दिवशी गमबूट घालून तीच आधी दारात उभी.

ही गुलाबी अंडी हवेत वाढतात. पाण्यात पडली की कुजतात. बाईंनी बांबूला पत्र्याची पट्टी बांधली, हातात रबरी मोजे चढवले. सोमवारी आणि गुरुवारी, कामावर जाण्याआधी, दोघी काठाकाठानं घोस खरवडून पाण्यात पाडत. पहिल्याच दिवशी चारशे बारा. दीड महिन्यानं नव्वद.

मग वरून कालव्याचं पाणी सुटलं आणि आठवड्याभरात आकडा पुन्हा तीनशेवर गेला. जाऊ काठावरच बसली. “मोजून मोजून वेड लागेल, ताई. सोडा आता.”

“एकदा सोडल्या, तेवढं पुरे,” बाई म्हणाल्या आणि कालव्याच्या तोंडाकडे चालू लागल्या. तिथे पाण्याबरोबर लहानमोठ्या पिवळ्या गोगलगायी वाहत येत होत्या. म्हणजे पेट्या रिकाम्या करणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. बाईंना हायसं वाटलं नाही, रागच आला. त्यांनी फिटरच्या मागे लागून चार दिवसांत तोंडाला बारीक जाळी बसवून घेतली. तिच्यात अडकलेला कचरा रोज स्वतः काढला.

हंगाम संपला तेव्हा घोस उरले अडतीस. चिखलातली पांढरी अंडी अकरा ठिकाणी होती. साहेब स्वतः येऊन काठ फिरले आणि फवारणीचा कागद बाईंसमोर फाडला. नोटीस मात्र मागे घेतली नाही. “ती राहू द्या, साहेब,” बाईच म्हणाल्या. “तीही बरोबरच आहे.”

आता बाई निवृत्त आहेत. सोमवार-गुरुवार चुकत नाही. शोभेच्या माशांच्या दुकानात त्यांनी भांडून पाटी लावून घेतली आहे: ‘नको असलेले मासे, गोगलगायी परत आणा. पाण्यात सोडू नका.’ गेल्या आठवड्यात कोणीतरी बरणीभर गोगलगायी तिथे आणून दिल्या.