गेटाजवळच्या आक्का

आलेलं पार्सल आक्का आधी कानाजवळ नेऊन हलवायच्या. मग हातात तोलायच्या आणि ज्याचं असेल त्याच्या हातात देण्याआधी जाहीर करायच्या, "ह्याच्यात भांडं हाय." किंवा, "वाजत न्हाई, म्हंजी कापड असनार. पिवळं मागवलं नसलं म्हंजी बरं. तुला पिवळं शोभत न्हाई." अंदाज बहुतेक वेळा साफ चुकायचा. भांडं म्हणून दिलेल्या खोक्यातून भिंतीवरचं घड्याळ निघायचं. त्याचं त्यांना काही वाटत नसे. "घड्याळ तर घड्याळ. चालतंय ना?" एवढं म्हणून त्या पुन्हा मेथी निवडायला लागायच्या.

आमची वसाहत केडगावात, पुणे रस्त्यापासून जरा आत. रो-हाउसांच्या ओळी, मधून अरुंद रस्ता आणि सगळ्यांना मिळून एकच गेट. बिल्डरने गेटाशी पत्र्याच्या टपालपेट्यांची रांग बसवून दिली होती. प्रत्येक घराची एक पेटी, तिच्यावर नंबर, तिला छोटं कुलूप. जाहिरातीत घरांपेक्षा त्या पेट्यांचाच फोटो मोठा होता. आम्हालाही सुरुवातीला कौतुक वाटलं. विजेचं बिल, बँकेची पत्रं, लग्नपत्रिका, सगळं त्यात नीट मावायचं आणि दुपारी कुणी दार वाजवून झोपमोड करत नसे.

पुढे लोक मोठमोठ्या वस्तू घरबसल्या मागवायला लागले आणि त्याच पेट्या आमच्या मुळावर आल्या. कुरिअरवाल्यांनी सोयीचा अर्थ काढला, की या वसाहतीचं जे काही असेल ते गेटावरच द्यायचं. पेटीत मावलं नाही तर पेटीखाली ठेवायचं. त्यात बांधकामाच्या ट्रकांनी गटारावरच्या फरशा फोडल्या, म्हणून सोसायटीने गेटावर आडवा लोखंडी बार ठोकला. मोटारी त्याच्या खालून आत जायच्या, उंच टेम्पो बाहेरच अडायचे. कुणाचा मिक्सर पेटीखाली भिजला, कुणाची गादी कुत्र्यांनी फाडली, एकाचा पंखा तर कुठे गेला ते आजपर्यंत कळलं नाही. खोकं फारच मोठं असलं तर टेम्पोवाला उतरायचाही नाही. पेट्यांचा एक फोटो काढायचा, 'ग्राहक घरी नाही' असं मोबाईलवर टाकायचं आणि गाडी वळवायची. घरात वाट बघत बसलेल्या ग्राहकाला आपण घरी नाही हे मोबाईलवरच समजायचं.

अशा वेळी गेटाजवळच्या पहिल्या घरात आक्का राहायला आल्या. नाव शेवंताबाई, गाव तिसगाव. नवरा गेल्यावर धाकट्या मुलाने, बाळासाहेबाने, त्यांना इकडे आणलं. तो एमआयडीसीत कामाला, सून दवाखान्यात नर्स. दोघं सकाळी बाहेर पडली की घरात आक्का एकट्या. सगळा जन्म शेतात काढलेली बाई, चार भिंतींत तिचा जीव रमेना. "दार लावून काय बसायचं? त्याला घर म्हनत्यात का तुरुंग?" म्हणत त्यांनी ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि तिथेच संसार मांडला.

पेटीखाली खोकं ठेवून निघालेल्या पहिल्याच माणसाला त्यांनी हाक मारली, "ए बाबा, ते तितं नगं ठिवू. हिकडं आन. कुनाचं हाय?" तेव्हापासून वसाहतीची पार्सलं आक्कांच्या ओट्यावर उतरायला लागली. संध्याकाळी कामावरून येताना आम्ही तिथे थांबायचो, अंदाज ऐकायचो, सोबत थोडी बोलणीही खायचो. "आक्का, थँक्यू हं," असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "त्ये राहू दे. पानी पिऊन जा."

वर्षभर हे बरं चाललं. मग कुणाच्या तरी खोक्यातली काचेची बरणी फुटलेली निघाली. ती वाटेत फुटली, गोदामात फुटली की कानाजवळ हलवताना फुटली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण सोसायटीचे अध्यक्ष दीक्षितसाहेब बँकेतून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के. त्यांनी सगळ्यांना मोबाईलवर कळवलं, की सदस्यांनी आपली पार्सले परस्पर कोणाच्या घरी ठेवू नयेत, उद्या काही झाल्यास जबाबदारी कोणाची? बाळासाहेबाने ते आईला वाचून दाखवलं. आक्का उठल्या, खुर्ची उचलली आणि आत नेली.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमी राखायचं आन आमीच ऐकून घ्यायचं व्हय? न्हाई जमायचं बाई." त्यांचं खोटं नव्हतं. ओटा रिकामा दिसायला लागला आणि पेट्यांखाली पुन्हा खोकी साचायला लागली.

नेमकी त्याच दिवसांत आमच्या मुक्ताची खुर्ची यायची होती.

मुक्ता माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची. जन्मापासून तिच्या मानेवर आणि पाठीवर तिचा ताबा नाही. तिला सगळं कळतं, विनोद तर आमच्या आधी कळतात, पण बसवलं की ती एका बाजूला कलंडते. साध्या चाकाच्या खुर्चीतून घसरते. त्यामुळे तिने जग पाहिलं ते गादीवर पडून किंवा माझ्या मांडीवरून. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका तिला घ्यायला तयार होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की तिला वर्गात नीट बसता आलं पाहिजे. पुण्यात एका कारखान्यात अशा मुलांच्या मापाच्या खुर्च्या करतात. आम्ही तिला नेऊन पाठीचं, कमरेचं, पायाचं माप देऊन आलो. खुर्ची तयार झाली, तिकडून निघाली. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. मुक्ताचं दप्तर तिच्या उशाशी तयार होतं.

पहिल्यांदा टेम्पोवाल्याचा फोन आला. "मॅडम, तुमचं पार्सल डब्यात बसत नाही."

"अहो, ती खुर्ची आहे. डब्यात कशी बसेल? मी घरीच आहे. आत या."

"गाडी आत येत नाही. बार आहे."

"मग थांबा, मी येते." पायात चप्पल सरकवून मी धावत गेटापर्यंत गेले. टेम्पो हमरस्त्याला लागलेला होता.

दुसऱ्यांदा फोनही आला नाही. मी खिडकीत बसून होते आणि मोबाईलवर आलं, 'घर बंद'. मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "मॅडम, आणखी एकदा प्रयत्न होईल. त्यानंतर पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाईल." तिला वाईट वाटत होतं, हे तिने तीनदा सांगितलं.

मी गेटापर्यंत गेले. का गेले ते सांगता येणार नाही. आमची पेटी उघडली तर आत एक लग्नपत्रिका. ती हातात घेऊन आक्कांच्या पायरीवर बसले आणि मला रडू कोसळलं.

आतून आक्का आल्या. "काय गं? कुनी बोललं का? घरी बरं हाय ना?"

मी सगळं सांगितलं. त्या माझ्यासमोर उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना वाटत होतं, आम्ही कपाटबिपाट मागवलं असेल.

"म्हंजी त्या खोक्यात मुक्तीची खुर्ची हाय?"

"हो."

"आन ती आली की पोरगी साळंत जानार?"

"हो, आक्का."

"मंग रडत काय बसली? परत कदी येनार हाय त्यो?"

"उद्या. नक्की वेळ सांगत नाहीत."

त्या आत गेल्या आणि आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आल्या. ओट्यावर आदळावी तशी ती ठेवली. "उद्या मी हितं हाय. बघू कसा जातोय."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघी गेटाशी बसलो. माझा नवरा सुप्याला कामावर गेला होता, मुक्ताजवळ शेजारच्या वहिनी होत्या. दुपार झाली तशी मी तिला भरवायला घरी गेले. माझ्याशिवाय ती कुणाच्या हातून जेवत नाही. दोन घास झाले असतील तेवढ्यात गेटाकडून आक्कांचा आवाज आला. तो आवाज शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाण्यासाठी घडलेला होता.

मी पळत गेले. टेम्पो उभा होता. इंजिन चालू. मागे गेल्याशिवाय त्याला वळता येत नव्हतं, आणि त्याच्या बरोबर मागे रस्त्याच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून आक्का बसल्या होत्या. पदर खोचलेला, हात मांडीवर.

"आजी, उठा की. मला अजून सोनईपर्यंत माल टाकायचाय," ड्रायव्हर खिडकीतून मान काढून म्हणत होता.

"जा की. मी कुटं धरलाय तुला? खोकं उतरव आन जा."

"आत न्यायचं आमच्याकडं नसतं, आजी. गेटाचा पत्ता आहे."

"आत नगं नेऊ. माज्या वट्यावर ठिव. त्ये तर असतंय?"

"एकट्याला उतरत नाही ते. हेल्पर दिलेला नाही. सकाळपास्नं एकटाच वाहतोय मी. जिथं जाईल तिथं लोक माझ्यावरच वरडतात."

आक्का मग उठल्या, त्याच्या खिडकीशी गेल्या. "जेवला का?"

तो बघतच राहिला. "नाही अजून."

"गाडी बंद कर. खाली उतर."

तो उतरला. तिशीच्या आतला पोरगेला माणूस, शर्ट पाठीला चिकटलेला. आक्कांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि पिठलं-भाकरी वाढली. तो खात असताना त्या त्याला सांगत होत्या, "बाबा, त्या खोक्यात एका लेकराची खुर्ची हाय. तिला बसता येत न्हाई. तू दोनदा परत नेली. तुला ठावं नव्हतं, तुजा काय दोस न्हाई. पन आता ठावं झालं ना?"

त्याने घास खाली ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, सांगायचं ना मग." मी काय सांगणार होते? सांगायला तो थांबला कुठे होता? पण त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही.

गडबड ऐकून दीक्षितसाहेब आले. टेम्पो, ओटा, जेवणारा ड्रायव्हर बघून त्यांनी चष्मा सारखा केला. "हे काय चाललंय? आपला नियम ठरलाय ना..."

"सायेब," आक्का म्हणाल्या, "तुमी बरूबर टायमाला आले. एका बाजूनं धरा."

"काय धरा?"

"खोकं. हा एकटा हाय. मी म्हातारी."

साहेबांनी आधी आक्कांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. काय झालंय ते मी दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं, आता जबाबदारीचा मुद्दा निघेल. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या वर केल्या आणि टेम्पोच्या फाळक्याशी जाऊन उभे राहिले.

बाराखालून खोकं निघालं. एका बाजूला ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला साहेब, मध्ये आधाराला मी आणि पुढे आक्का. "हळू. गटारावरची फरशी हलती हाय. सायेब, डावीकडं." दारं उघडली, माणसं बाहेर आली, कुणी कोपरा धरला, कुणी आमचं फाटक उघडून धरलं. साहेबांना धाप लागली होती, पण हात सोडायला ते तयार नव्हते.

खोकं फोडलं. निळ्या गादीची खुर्ची. मानेला दोन्ही बाजूंनी आधार, छातीला पट्टा, पायाला फळी. मी मुक्ताला उचलून तिच्यात बसवलं, पट्टे लावले आणि हात सोडले.

ती कलंडली नाही.

मी हात जवळच धरून उभी होते, सवयीने. ती सरळ बसली होती. तिने आधी समोर पाहिलं, मग डोळे फिरवून प्रत्येकाकडे पाहिलं. आजवर तिने माणसांच्या हनुवट्या खालून पाहिल्या होत्या. आता समोर वाकलेल्या आक्कांचं तोंड तिच्या तोंडासमोर होतं. ती मोठ्याने हसली. दीक्षितसाहेब भिंतीकडे तोंड करून रुमाल शोधायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, "चला, मला सोनई गाठायचीय," आणि तरी दारातच उभा राहिला.

आक्कांनी मुक्ताच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलाशी कडाकडा मोडली. "आता जा साळंत. आन मास्तरनीला लई प्रश्न इचार."

पुढच्याच बैठकीत साहेबांनी स्वतः ठराव मांडला. लोखंडी बाराला बिजागरी बसवून तो उचलता येईल असा केला. गेटावरची वॉचमनची बंद पडलेली खोली झाडून घेतली आणि मोठी पार्सलं तिथे उतरवायचं ठरलं. किल्ली आक्कांकडे दिली. "जबाबदारी कुनाची?" आक्कांनी भर बैठकीत विचारलं. साहेब म्हणाले, "माझी." त्यानंतर आमच्या वसाहतीतून कुणाचं खोकं परत गेलेलं मला आठवत नाही.

दोन वर्षांनी तिसगावच्या थोरल्या सुनेला बाळंतपणात जपायची वेळ आली आणि आक्का गावी गेल्या. गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. नातू झाला, शेत हाताशी आलं, त्यांचा जीव तिथे रमला. निघताना मी रडायला लागले तेव्हा त्या खेकसल्या, "मी काय मेले का? पोरीला रोज साळंत धाडत जा. मी इचारीन."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. पण दुसऱ्याच सकाळी, शाळेची रिक्षा जाऊन चहा टाकते तोवर फोन वाजला.

"गेली का?"

"गेली, आक्का."

"मंग बरं." फोन बंद.

तेव्हापासून शाळेच्या दिवशी हा फोन चुकलेला नाही. ना ख्यालीखुशाली, ना हवापाणी. काल रविवार होता, तरी वाजला.

"गेली का?"

"आक्का, आज रविवार. सुट्टी आहे. झोपलीय अजून."

पलीकडे मागे नातवाचं रडणं आणि गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

"झोपू दे मंग," आक्का म्हणाल्या. "उद्या जायचंय तिला."