बिलोलीचा डोळोबा

"ताई, तुम्हीच जाऊन या, मला नाही बघवणार," वहिनी म्हणाली आणि माझं जायचं पक्कं झालं. दादा जाऊन वर्ष होत आलं होतं. तो भूगर्भशास्त्र शिकवायचा. बिलोलीकडच्या ज्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर त्याने अर्धं आयुष्य घालवलं, तिथे खाण सुरू झाल्याचं कानावर आलं होतं. त्याने पहिला नमुना काढलेल्या दगडाचा फोटो अजून त्याच्या टेबलावर आहे. लाल रंगाने काढलेलं वर्तुळ आणि आत ड्रिलची दोन भोकं. "तुला दाखवतो एकदा," असं दर वेळी म्हणायचा. तो दगड फुटायच्या आत मला बघायचा होता.

लातूरहून पहाटेच निघा, दुपारी तिथला माळ भाजून काढतो. चाकूर, अहमदपूरपर्यंत माती काळी, दगडही काळा. पोटभर खाऊन घ्यायचं ते अहमदपूरलाच, पुढे चहावरच भागवावं लागतं. मुखेड मागे पडलं की रस्ता कंबर ढिली करतो, माती तांबूस होते आणि शेतांत गुलाबी धोंडे दिसायला लागतात.

आपला काळा दगड लाव्हाचा, वरून पसरलेला. हा गुलाबी ग्रॅनाइट त्याच्या कितीतरी आधीचा, असं दादा सांगायचा. जमिनीचे तुकडे एकमेकांवर रेटले गेले, डोंगर उठले, खाली खोलवर दगड वितळला आणि तिथेच सावकाश थिजला. पुढे डोंगर झिजून गेले, त्यांचं पोट तेवढं उरलं. तो रस समुद्रतळातून आला की जुन्याच जमिनीतून, हे त्यातल्या चिमूटभर मूलद्रव्यांवरून कळतं म्हणे. "मी दगडांचं माहेर शोधतो," म्हणायचा.

टेकडी अर्धीही उरली नव्हती. कापलेल्या सरळ भिंती तेवढ्या उभ्या होत्या. कडेला एकच धोंडा शाबूत होता, शेंदराने माखलेला. गंगाबाई नावाची एक म्हातारी त्याला तेल घालत होती.

"डोळोबा हाय," ती म्हणाली. "डोळे आपसूक उमटलेत बघा. खाणवाल्यास्नी गावानं बजावलंय, ह्याला हात लावायचा न्हाई."

वाकून पाहिलं. शेंदराखाली वर्तुळ होतं, आत दोन भोकं.

हसू आलं आणि मागोमाग रडू. आमचं घर बुद्ध-बाबासाहेबांचं. दादाने जन्मभर कुठल्या दगडापुढे मान झुकवली नाही. तो असता तर तिथेच बसून त्याने ड्रिल कसं चालतं हे सगळ्यांना समजावलं असतं. पण खरं सांगितलं तर धोंडा ट्रकमध्ये जाणार. मी नुसते डोळे पुसले.

"हात न्हाई जोडले तुमी?"

"आमच्यात नाही जोडत."

"मग कशापायी रडायलाव?"

"भाऊ आठवला."

"मग नुसता हात लावा की."

मी एका भोकात बोट घातलं. आत शेंदूर पोचला नव्हता, दगड गार होता.

रात्री वहिनीला सगळं सांगितलं. वर्षभरात ती पहिल्यांदा हसली, मग तोंडाला पदर लावून बसली. "नाही सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाली, "पण त्यांना नसतं आवडलं."

मलाही ते ठाऊक आहे. आई-बाबा आधीच गेले, आता दादा. माहेर म्हणून तो एक धोंडा उरलाय, आणि तो ज्या खोट्यावर उभा आहे ते दादाने कधीच चालू दिलं नसतं.