वरच्या अंगाची बोअर

या सदरातले अनुभव मी वाचतो, पण आजवर एकावरही विश्वास ठेवला नाही. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बाबा सिंदेवाहीकडच्या तलावांत मासे धरायचे. गावातल्या सरांनी मागे लागून मला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करायला लावलं. त्या शिक्षणाचे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

२००४ च्या सुमाराची गोष्ट. वरोरा–चिमूर रस्त्यावर एक बंद पडलेला पेट्रोलपंप होता. जमिनीखालची टाकी गळून आसपासच्या हँडपंपांना पेट्रोलचा वास येऊ लागला होता. तेल जमिनीखाली कुठवर पसरलंय ते बघायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. आम्ही तिथं बोअर मारल्या, जाळीचे प्लास्टिक पाइप उतरवले, भोवती बारीक गिट्टी भरली. एक बोअर मुद्दाम पंपापासून दूर, चढावरच्या पडीक शेतात घेतली. पाणी वाहतं तिकडून पंपाकडे, त्यामुळे तिथलं पाणी स्वच्छ असणार — तुलनेसाठी.

नमुने घेताना सुरुवात नेहमी स्वच्छ बोअरपासून करतात, म्हणजे तेल एकीतून दुसरीत जात नाही. हे लक्षात ठेवा.

सकाळची वेळ, लख्ख ऊन. माझ्यासोबत कामावरचे दोघे मदतनीस, देवराव आणि त्याच्या बहिणीचे यजमान नामदेवभाऊ. नमुन्याआधी साचलेलं पाणी उपसावं लागतं. दोरीला बांधलेली लांब नळी — बेलर — खाली सोडायची, भरली की ओढायची. नामदेवभाऊ ओढून दमले.

"भाऊजी, जेवताना तर थकत नाई तुमी!" देवराव म्हणाला.

"तुह्या बहिणीच्या हातचं जेवणं हेच मेहनतीचं काम हाय बे. घे, ओढ तू."

हसत हसत देवरावनं दोरी घेतली. दोन-तीन खेपा झाल्या. मग त्याचं हसणं थांबलं. डाव्या हाताला दोरीचा वेढा तसाच ठेवून त्यानं उजव्या हातानं पाइपपाना उचलला आणि नामदेवभाऊंच्या डोक्यावर घातला.

त्यांनी मान वळवली म्हणून वाचले. पाना कान फाडत खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"देव्या! काऊन मारून राह्यला बे? काय केलं मी?"

देवराव ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. लाकडं फोडावीत तसा शांतपणे त्यानं पुन्हा पाना उचलला. हा घाव पाइपावर बसला, प्लास्टिकच्या ठिकऱ्या उडाल्या. मी मागून झडप घातली आणि त्याला ओढायला ती दोरीच धरली. ती त्याच्या हातातून सुटून माझ्या हातात आली.

"अरे बापा... भाऊजी!" देवराव पाना टाकून रडायला लागला.

आणि मी... कसं सांगू? मला राग *आला* नाही. तो आधीपासून तिथं होता, मी फक्त त्यात उतरलो. नामदेवभाऊंच्या कानातून रक्त वाहत होतं आणि मला ते फार कमी वाटलं. मी त्यांच्या छातीवर बसलो, गळा आवळला. त्यांचे डोळे पांढरे झालेले दिसत होते, आणि मी आणखी जोर लावत होतो. देवरावनं माझे केस ओढले, लाथा घातल्या. शेवटी पाना उचलून माझ्या दोरीच्या हातावर हाणला. दोन बोटं मोडली. दोरी सुटली, बेलर धपकन पाण्यात पडला.

त्याच क्षणी मी पुन्हा मी होतो. नामदेवभाऊंच्या तोंडावर माझी लाळ सांडली होती.

आम्ही जीपनं त्यांना चंद्रपूरला नेलं. जीव वाचला, एका कानानं ऐकू येणं गेलं. डॉक्टरांना सांगितलं, पाइप पडला.

ऑफिसातले साहेब म्हणाले, "पेट्रोलची वाफ डोक्यात गेली असेल." पण तेलाच्या बोअरपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो! नंतर दुसऱ्यांनी तिथं मोटर लावून नमुना घेतला. त्यांना काही झालं नाही. पाणी अगदी पिण्यालायक निघालं. गावात विचारलं, त्या शेताची ना खुनाची गोष्ट, ना भांडणाची. एखादी गोष्ट असती तर बरं वाटलं असतं...

मागच्या वर्षी एका लग्नात नामदेवभाऊ भेटले. चांगला कान माझ्याकडे करून बसले. मग हळूच म्हणाले, "सर, एक विचारू? रागावजा नोको. तुमच्या मनात माह्याविषयी काई होतं का?"

"नाही हो, भाऊ. शपथेवर सांगतो."

"देवरावलेही विचारलं. तोही नाई म्हणते." ते हातातल्या अक्षतांकडे बघत राहिले. "मंग मले मारून कोण राह्यलं होतं?"

मी 'हो' म्हणायला हवं होतं, असं आता वाटतं. त्यांना निदान झोप लागली असती.