डावखुरा बँड आणि इब्राहिमचाचांचं शेवटचं मशीन

वर्कशॉपमध्ये धूळ आणि किस्से, दोन्ही कोणी न आणता साचतात. धूळ निदान झाडता येते. किस्से मात्र मी, आखातातल्या मीना सलमान बंदराजवळच्या या वर्कशॉपचा महाडकर स्टोअरकीपर, फुकट वाटत फिरतो!

आमचे अरबाब, म्हणजे मालक, बू फहद. त्यांनी परदेशातून कपाटाएवढं जुनं मशीन मागवलं. नाणं टाकलं की काचेवर तीन मिनिटांची फिल्म सुरू! बाई गाते, मागे बँड. दुरुस्ती रत्नागिरीच्या इब्राहिमचाचांकडे. ठरलं होतं, हे मशीन चाललं की व्हिसा कॅन्सल आणि चाचा कायमचे लेकीकडे. चाचा मात्र कुरकुरायचे, "घरी जाऊन काय करू रे? तिथं सगळं चालूच हाय!"

*

चिपळूणच्या संतोषने फिल्म आधी साध्या प्रोजेक्टरवर लावली. भिंतीवर बघतो तर सगळे वादक डावखुरे, नावंही उलटी! फिल्म बिघडली म्हणून पठ्ठ्या घामाघूम. चाचांनी तीच फिल्म मशीनमध्ये चढवली. आतल्या आरशामुळे सगळं सुलट.

संतोष म्हणाला, "चाचा, आत जाताच सुधारले की!"

*

एका रिळावर आठ गाणी, तीही ओळीनेच लागणार. अमवाज बेटावरून अरबाबांची मुलगी आली, दुसऱ्याच गाण्याला कंटाळली. "व्हेअर इज स्किप?"

चाचा म्हणाले, "मॅडम, स्किप मफी, नहीं है! अगले का इंतजार करो. हमने पूरी नौकरी ऐसेच निकाली!"

*

एकदा बू फहद नाण्याला दोरा बांधून ते आत सोडत होते आणि गाणं लागलं की परत ओढत होते.

"अरबाब, मशीन तर आपलंच!" मी म्हणालो.

"इसलिए तो मजा!"

*

शेवटी मशीन एकदाही न अडता झकास चाललं. चाचांची बॅग भरली, तिकीट आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बू फहद निरोपाच्या चहाला आले. नाणं टाकलं, तर गाणं ऐकू येतंय आणि काच काळीच! चाचांनी मागचं दार उघडलं. आतला बल्बच नाही.

"काल तर होता!"

संतोष आणि मी टेबलांखाली रांगलो. बू फहद शांतपणे चहा पीत होते. एक हात थोबच्या, म्हणजे त्यांच्या पायघोळ झग्याच्या खिशात, आणि खिसा पेरू ठेवल्यासारखा फुगलेला. चाचांना तो दिसला. मलाही दिसला, तरी मी टेबलाखाली शोधतच राहिलो.

चाचा त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसले.

"अरबाब, ये बल्ब इधर नहीं मिलता. टाइम लगेगा."

"कितना टाइम?"

चाचांनी चष्मा पुसला.

"आप बोलो, अरबाब!"