तासभर भिजणारा वेत

मीटरवाल्याला दिवसाला शंभर-सव्वाशे दारं वाजवावी लागत. विजेच्या मीटरवरचा आकडा टिपायचा आणि पुढचं दार गाठायचं. एवढ्या माणसांची तोंडं पाहणाऱ्याला एकटेपणा कसला, असं कुणालाही वाटेल. पण दार उघडणारा आत वळून "मीटरवाला आलाय" एवढंच ओरडे आणि जिन्याखाली बोट दाखवून मोकळा होई. एकोणतीस वर्षांत त्याला कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. यात लोकांचाही दोष नाही. मीटर उभ्यानेच वाचायचा असतो.

बायको होती तोवर हे त्याच्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी ती खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसायची, "आज कुणाचं कुत्रं मागे लागलं?" म्हणून विचारायची, आणि त्याच्या तोंडाची टकळी सुरू व्हायची. ती गेली, आणि वर्षभरात खुर्चीची बैठकही फाटली. टाकून द्यायचं जिवावर आलं. त्याने वेताच्या पट्ट्या आणल्या, जुनी वीण एकेक घर उसवत नीट पाहिली आणि तीन रविवार खपून नवी बैठक विणली. ते तीन रविवार बरे गेले. चौथा खायला उठला.

मुलगी दूरच्या शहरात. खुर्चीचा फोटो पाहून तिने लगेच फोन केला. "बाबा, लोक या कामाला चांगले पैसे मोजतात! सुट्टीच्या दिवशी नुसते भिंतीकडे बघत बसता. जोडधंदा सुरू करा." जाहिरातीचा मजकूरही तिनेच लिहून दिला. तो कागद त्याने कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात चिकटवला.

आणि माणसं आली की! खुर्ची उचलून, धापा टाकत, थेट घरात. आता या धंद्यातली एक गोम सांगायला हवी. वेत विणण्याआधी पाण्यात भिजवावा लागतो, नाहीतर वाकवताना मोडतो. वीस मिनिटं भिजला की झालं. पण आपला मीटरवाला गिऱ्हाईक दारात आल्यावर बादली भरायला घेई आणि गंभीर चेहऱ्याने सांगे, "तासभर लागेल. भिजलेली पट्टी तुमच्या खुर्चीच्या भोकांत बसते का ते बघूनच काम घेतो. तोवर बसा ना." त्या एका तासात लोक जावयापासून गुडघ्यांपर्यंत सगळं बोलत. पट्टी बसायचीच. आयुष्यात त्याने केलेली लबाडी ती एवढीच.

सगळ्यांत जास्त वेळा आल्या त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. चार खुर्च्यांचा संच होता, पण एका वेळी एकच आणत. दोन महिन्यांत तीन झाल्या. बसल्या की वर्गातल्या उनाड पोरांच्या नकला करत, आणि मध्येच बादलीकडे बघत राहत. "झाला का हो तासभर?" असं त्यांनी कधी विचारलं नाही.

धंद्याला बरकत आली तशी मुलीला हुरूप आला. तिने तिकडे बसल्या बसल्या टेम्पोवाला ठरवला. खुर्च्या तो लोकांच्या घरून उचलणार, तोच पोहोचवणार. गिऱ्हाइकांशी बोलणं फोनवर मुलगी करणार. "आता तुम्हाला कुणाचा त्रास नाही बाबा, नुसतं विणायचं!" कमाई दुप्पट झाली. टेम्पोवाला घाईचा माणूस. खुर्च्या दारात उतरवी आणि गाडीचं इंजिनही बंद करत नसे. घरात अकरा खुर्च्या आणि बसणारा एक. पोरीने मायेने केलं, तिला काय म्हणून सांगायचं? तो वेत वीस मिनिटंच भिजवू लागला.

अशाच एका रविवारी टेम्पोतून बाईंची चौथी खुर्ची आली. जुनी बैठक काढायला त्याने ती उलटी केली आणि तिथेच थांबला. वेत झिजतो तो चौकटीच्या कडेला, तंतू विस्कटून. इथे मधोमध सरळ काप होता. कात्रीचा. शिवाय बैठकीला झोळ असा नव्हताच. या खुर्चीवर वर्षानुवर्षं कुणी बसलेलंच नव्हतं. मग त्याला आठवलं, आधीच्या तीनपैकी झोळ पडलेली बैठक फक्त पहिल्या खुर्चीची होती. बाकीच्या दोन्हींतही असाच काप होता. तेव्हा गप्पांच्या नादात त्याने तो पाहूनही न पाहिल्यासारखा केला होता. त्याला फार वाईट वाटलं. बाईंचं वाटलं आणि स्वतःचंही. बाईंनी धडधाकट खुर्ची कापली ती इथे येण्यासाठी, आणि दारात टेम्पो येऊन ती घेऊन गेला.

त्याने खुर्ची तशीच खांद्यावर टाकली, पट्ट्यांचं भेंडोळं काखेत मारलं आणि चार गल्ल्या चालत गेला. दार वाजवलं. बाईंनी उघडलं, आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या खुर्चीकडे, आणि ओढणीला नसलेली सुरकुती काढत राहिल्या.

"मीटर जिन्याखाली आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"माहीत आहे. एकोणतीस वर्षं माहीत आहे," तो म्हणाला. "ही इथेच विणतो म्हटलं. बादली मिळेल का? तासभर भिजवावा लागेल."

बाईंनी बादली भरून आणली. पट्ट्या पाण्यात सोडताना त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "वीस मिनिटं पुरतात. दुसऱ्या खुर्चीच्या वेळी कापलेला तुकडा मी घरी भिजवून पाहिला होता."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बाईंनी टेबलाजवळची एक खुर्ची पुढे ओढली. त्यानेच विणलेली, पण अजून कुणी न बसलेली.

"तासभर म्हणालात ना," त्या म्हणाल्या, "मग बसा."