कवठाएवढं इंजिन

हैदराबादच्या इंजिनवाल्यानं मला फसवलं. मी त्याला नाही, त्यानं मला. बाजारात उलटं सांगतात, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

मी हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी. उपरण्याखाली बोटं दाबून सौदे करत वर आलो. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली मला छोटं विमान उडवायचं वेड लागलं. ज्वारीच्या धाटाचं भेंड, बांबूच्या कामट्या, पंखांवर पातळ कागद, सगळं घरीच जोडलं. कोंबडीपेक्षा हलकं झालं. सोनपेठच्या बाजारात पाटील हसले, "हेडी, बैलाचे दात बघणाराला इमान काय कळतंय?"

मी चार माणसांत सांगून टाकलं, "पुढल्या बाजारी हितंच उडवतो. न्हाई उडालं तर माझ्या शब्दावर बैल घेऊ नका." आमच्या धंद्यात शब्द गेला की माणूस गेला.

इंजिनासाठी विमान घेऊनच हैदराबाद गाठलं. दुकानदार राणीसावरगावचा निघाला. आपल्याकडचा म्हणून मी जास्तच सावध झालो. त्यानं विमान तळहातावर तोललं आणि दोन इंजिनं काढली, एक सुपारीएवढं, एक लिंबाएवढं. तिसरं कवठाएवढं होतं. ते दाखवलं न दाखवलं आणि कपाटात ठेवलं.

"ते ऱ्हाऊ द्या मामा. एका जहागीरदारासाठी ठेवलंय."

चांगला बैल मागच्या दावणीला बांधायची चाल मला ठाऊक. मी तेच काढायला लावलं. वास घेतला, स्क्रू फिरवले, कुठं फुटलेलं सांधून डाग दिला आहे का पाहिलं, दोनदा चालवायला लावलं. मग लिंबाएवढ्याच्या भावात मागितलं. त्यानं फार लवकर मान डोलावली. ते आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

घरी बायको म्हणाली, "आवो, नाक लय जड झालंय. पुढं कलायलंय."

मी शेपटीला दगड बांधला.

बाजारात इंजिन असं गरजलं की दोन बैलांनी दावं तोडलं. विमान थोडं घसरलं, नाक काळ्या मातीत रुतलं आणि पंख मिटले.

"उडालं न्हाई," पाटील म्हणाले, "पण नांगरट झ्याक केली."

त्यानंतर गिऱ्हाईक उपरण्याखालचा हात काढून घेऊन विचारायचं, "बैल उभा ऱ्हातो न्हवं, का नाकावर पडतो?"

मी पुन्हा हैदराबादला गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "मामा, मी तर नको म्हणलो होतो. तुमीच हट्ट धरला."

नको म्हणाला, खरं. पण ठेवलंय म्हणाला, जड आहे म्हणाला नाही. विमान तर त्यानं स्वतःच्या हातानं तोललं होतं. तो जहागीरदार खरा होता का, हेही मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. इंजिन विमान पाहून दिलं की गिऱ्हाईक पाहून, याचा जबाब त्यानं द्यावा. दुकानात नव्हे. सोनपेठच्या बाजारात, पाटलांसमोर.