भस्म बुधवारची झावळी

जाळायचा नव्हता तो क्रूस मी जाळला.

गेल्या भस्म बुधवारची गोष्ट. धुळ्याच्या आमच्या चर्चमध्ये वेदीची मांडामांड माझ्याकडे असते. चादरी, मेणबत्त्या, प्रभुभोजनाचा पेला. निवृत्त माणसाला एवढा अधिकार पुष्कळ, आणि मी तो जरा जास्तच गाजवतो. झावळ्यांच्या रविवारी आम्ही शिंदीच्या पात्यांचे छोटे क्रूस वळतो. वर्षभर ते घरोघरी कॅलेंडरमागे खोचलेले असतात. पुढच्या वर्षी उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारी मंडळी ते परत आणून दारातल्या टोपलीत टाकते. आम्ही ते जाळतो आणि त्याच राखेचं बोट पाळकसाहेब प्रत्येकाच्या कपाळावर ओढतात. आपण मातीचे आहोत, एवढं आठवायला.

उपासना पाचला होती. दुपारी तीनच्या सुमारास चर्चमध्ये असं पिवळं, सुस्त ऊन उतरलं होतं, की बाकंसुद्धा डुलक्या काढताहेत असं वाटत होतं. दुपारच्या एसटीनं गावाकडून आलेल्या एक अक्का तेवढ्या लवकर येऊन बसल्या होत्या. त्या नळावर पाय धुवायला गेल्या, आणि त्यांच्या बाकावर, प्रार्थनापुस्तकात मला एक वाकडा क्रूस दिसला. टोपलीत टाकायचा विसरल्या असतील, म्हणून मीच उचलला. मागच्या अंगणात घमेल्यात बाकीच्यांबरोबर तो पेटला. धूर कडुनिंबातून हळूहळू वर जात होता आणि मी अगदी भक्तिभावानं बघत उभा होतो.

आत आलो तर अक्का पुस्तकाचं पान नि पान झटकत होत्या.

"भाऊ, त्यास्ना हातना क्रूस व्हता रे. त्यास्ले बठाडाले लई उनू."

मग कळलं. मागच्या झावळ्यांच्या रविवारी त्यांच्या मालकांनी याच बाकावर, थरथरत्या हातांनी तो वळला होता. पावसाळ्यात ते गेले. जाळायला नव्हे, शेजारी बसवायला म्हणून अक्कांनी तो आणला होता.

त्याच वेळी सांगून टाकायचं. पण मी म्हणालो, "थांबा अक्का, शोधतो."

आणि कंपाउंडमागच्या शिंदीचं पातं तोडून नवा वळला. हिरवागार झाला. जुना दिसावा म्हणून निखाऱ्यावर धरला, तर एक टोक काळं पडलं. वाकडा मात्र मुद्दाम करावा लागला नाही, माझ्या हातून सरळ काही होतच नाही.

"सापडला! बाकाखाली पडला होता."

अक्कांनी तो नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तकात ठेवला.

उपासना सुरू झाली. गाणं, वाचन, सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं येत होतं. गुडघे टेकून सगळ्यांनी मिळून पापांची कबुली म्हटली. तीस वर्षं तोंडपाठ असलेल्या त्या प्रार्थनेत मी नेमकी एक ओळ चुकलो. पाळकसाहेबांचा अंगठा अक्कांच्या कपाळावर टेकला. त्यांनी डोळे मिटले. राखेत कोण आहे ते फक्त मला माहीत होतं.

शेवटी दारात मी त्यांना गाठलं. "अक्का, तो मी जाळला. चुकून. त्याचीच राख लावली आहे तुम्हाला."

त्यांनी कपाळाला हात लावला. बोटाला आलेली राख उन्हात धरून पाहिली. पाळकसाहेबांच्या वाटीत उरलेली राखही मागितली, पदराच्या टोकात बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. पाळकसाहेब नको तेव्हा जवळ आले होते.

मी म्हटलं, "माफ करा अक्का."

"क्रूस जाळा ते जाळा," त्या म्हणाल्या. "पन हाऊ लबाडपना कराले तुले कोनी सांगं व्हतं? अन् तोबी नीट जमना नही तुले!"